न मोजलेल्या पेशी

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होतात, ते आमच्या वाचकांना सांगा."

मी म्हटलं, "मोजत होते."

"काय मोजत होतात?"

"शेहेचाळीसपर्यंत."

मग त्या म्हणाल्या, "दोन हजार शब्दांत बसेल ना?" एकतीस वर्षं शेहेचाळीसच्या पुढे गेले नाही, त्यामुळे दोन हजारांचा मला अंदाज नाही. जास्त झालं तर त्यांनी खुशाल कात्री लावावी. माझी अर्धी नोकरी कात्रीवरच झालेली आहे.

सदाशिव पेठेत, बारावीच्या गणिताच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर आमची गुणसूत्रं तपासायची लॅब होती. दर जूनमध्ये दोन-चार मुलं एक जिना जास्त चढून यायची आणि दारात विचारायची, "बॅच किती वाजताची?" मी सांगायची, "बहात्तर तासांची." मुलं घाबरून खाली पळायची. पण ते खोटं नव्हतं. आमच्याकडे आलेलं रक्त काचेच्या नळीत, अंगाइतक्याच उबेत, बहात्तर तास वाढवावं लागायचं, तेव्हा कुठे त्यातल्या पेशी दुभंगायला लागायच्या. आणि दुभंगणारी पेशी मिळाल्याशिवाय आमचं दुकान चालत नसे.

त्याचं कारण असं. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात, पण एरवी ती लोकरीच्या गुंत्यासारखी पडलेली असतात, ओळखू येत नाहीत. पेशीला एकाच्या दोन व्हायचं असतं तेव्हाच ती आखडून जाडजूड होतात आणि दिसू लागतात. तोवर प्रत्येकाची आणखी एक प्रत तयार झालेली असते आणि दोन्ही प्रती कमरेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. मग दोन्ही बाजूंनी धागे येतात आणि एक प्रत इकडे, एक तिकडे ओढून नेतात. झाल्या दोन पेशी, दोघींकडे शेहेचाळीस.

खरी गंमत आहे ती ओढायचं कधी यात. मी हे पंगतीवरून समजावत असे. पंगतीत शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत कोणी घासाला हात लावत नाही. सत्तर पानं वाढून झाली आणि कोपऱ्यातल्या एका आजोबांचं राहिलं, तरी अख्खी पंगत हात आवरून बसते. पेशीतही तोच रिवाज. एक जरी गुणसूत्र धाग्याला लागायचं राहिलं असेल तर ते ओरडत राहतं, "माझं व्हायचंय, माझं व्हायचंय," आणि तोवर बाकीची पंचेचाळीस आपापल्या जोडीला सोडत नाहीत. शेवटचं लागलं की ओरडा थांबतो आणि सगळी एकदम सुटतात. ही शिस्त नसती तर कोणाच्या वाट्याला एक जास्त, कोणाच्या एक कमी, असा गोंधळ झाला असता.

आम्ही त्या शिस्तीचा गैरफायदा घेत होतो. बहात्तर तास झाले की नळीत कोल्चिसीन नावाच्या औषधाचे थेंब टाकायचे. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात असतं तेच हे. त्याने धागे विरघळतात, म्हणजे वाढपीच गायब होतात. पंगत बिचारी ताटकळत बसते आणि आम्ही तेवढ्यात तिचा फोटो काढून घेतो. चाळीस मिनिटं, बस. कमी ठेवलं तर पुरेशा पेशी हाताला लागत नाहीत. फार ठेवलं तर गुणसूत्रं आखडून ठेंगणी होतात आणि शेवटी थकून कमरेची पकडही सुटते. शेहेचाळीसच्या जागी ब्याण्णव काड्या विखरून पडतात. अशा स्लाइडला आमच्याकडे 'उकडलेली' म्हणत. उकडलेली स्लाइड म्हणजे थेट तंत्रज्ञाची बेअब्रू, आणि माझी तशी कधी झाली नव्हती. माझ्या टेबलावर दोन घड्याळं असायची. दुसरं पहिल्यावर लक्ष ठेवायला.

पुढचं काम डोळ्यांचं. सूक्ष्मदर्शकाखाली छान पसरलेली पेशी शोधायची, फोटो काढायचा, तो धुऊन आला की कात्रीने एकेक गुणसूत्र कापून उंचीप्रमाणे जोड्या चिकटवायच्या. पंखा बंद करून. एकदा मुंबईहून आलेले एक गृहस्थ न विचारता पंखा लावून बसले आणि कोणा अनोळखी माणसाची बावीस गुणसूत्रं टेबलाखाली गेली. मी त्यांना म्हटलं, "आपण पाहुणे आहात, आपल्याला वाकायला कसं सांगू? पण वाका."

पेशी निवडायच्या त्या देखण्या. वीस मोजायच्या. विस्कटलेल्या, एकमेकींवर चढलेल्या, उकडलेल्या सोडून पुढे जायचं. हे मला आमच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या सरांनी. सगळीकडे तसंच करतात. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण माझी चूक याच वाक्यात आहे.

विक्षिप्त गिऱ्हाइकं तर किती सांगावीत! गुणसूत्रांवरून मुलगा की मुलगी ते आम्हाला कळतं, आणि कायद्याने ते सांगायला बंदी आहे. मग एखादे आजोबा पोटातल्या बाळाच्या तपासणीचा रिपोर्ट घ्यायला येत आणि खालच्या आवाजात म्हणत, "शैलाताई, निघताना पेढे घेऊ की बर्फी?" मी म्हणायची, "फरसाण घ्या. घरी डायबेटिस असेल." एक जण तर चिडून म्हणाले, "एवढं तरी सांगा, रंग कोणता आणू, निळा की गुलाबी?" मी म्हटलं, "पांढरा. डाग पटकन दिसतात."

तर आता ती गोष्ट. आर्थिक सुधारणा-बिधारणा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. पेठेत घरोघरी केबल आली होती आणि खालचा गणिताचा क्लास आता संगणकाचाही झाला होता. अमरावतीकडचं एक जोडपं आलं, वैशाली आणि नितीन. बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहत होते, तो एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होता. वैशालीच्या मांडीवर सहा महिन्यांचा मुलगा. डोकं अगदी लहान, वजन वाढत नव्हतं, आकडी येत होती. मी रक्त घेतलं तेव्हा तो रडलाही नाही. वैशालीनेच डोळे पुसले आणि म्हणाली, "मॅडम, काय झालंय ते एकदा समजलं ना, की मी सगळं करीन."

त्याच्या रक्ताचे बहात्तर तास ज्या दिवशी भरले त्या दिवशी लॅबमध्ये पहिला कॉम्प्युटर आला. आता हसू येतं, पण मॅडमनी गुरुजींना बोलावलं होतं. पडद्यावर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, आणि पाणी आत जाईल म्हणून कंपनीचा माणूस दोन्ही हात पसरून कॉम्प्युटरपुढे उभा राहिला. मी नळ्यांमध्ये औषध टाकून आरतीला गेले. आरती, मग प्रसादाचा शिरा, मग फोटो. परत येऊन नळ्या काढल्या आणि वहीत वेळ लिहिली, आत अकरा दहा, बाहेर अकरा पन्नास.

दोन दिवसांनी त्या बाळाची स्लाइड लावली. ब्याण्णव काड्या. पुढची पेशी पाहिली, तीही तशीच. मधेच एखादी देखणी पेशी, पुन्हा दोन उकडलेल्या. मला वाटलं, झालं! आरतीत वेळ गेला आणि वहीत मी सवयीने चाळीस मिनिटं लिहून मोकळी झाले. पंधरा वर्षांचं नाव शिऱ्यापायी घालवलं.

खरं तर त्याच बॅचमध्ये आणखी चार नळ्या होत्या. औषध तेच, वेळ तीच, आणि त्या चारही झकास होत्या. हे मला दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, या नळीत थेंब जास्त पडला असेल. लाज वाटली की माणसाला कारणं कशी भराभर सुचतात! मॅडमना काही बोलले नाही. दुसरी स्लाइड केली, तिसरी केली, शोधशोधून वीस देखण्या पेशी गोळा केल्या. त्यातही एक-दोघींत गुणसूत्र एखादं कमी, एखादं जास्त होतं. ते स्लाइडवर पसरताना निसटतं, असं आम्ही धरतच होतो. रिपोर्ट गेला: गुणसूत्रं नॉर्मल. महिन्या-दोन महिन्यांत बाळ गेल्याचं मॅडमकडून कळलं. हळहळले आणि पुढच्या नळीकडे वळले.

सहा-सात वर्षांनी तीच दोघं पुन्हा जिना चढून आली. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. नितीन आता खराडीत सॉफ्टवेअरमध्ये होता, गळ्यात ओळखपत्राची दोरी, बोलण्यात इंग्रजी. वैशाली मात्र वाळली होती. दुसरं मूल हवं होतं आणि त्याआधी दोघांचं रक्त तपासा, असं त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. नितीन म्हणाला, "जस्ट फॉर सेफ्टी. पहिल्याचा रिपोर्ट तर नॉर्मलच होता."

चौथ्या दिवशी दोघांच्या स्लाइड लावल्या. बहुतेक पेशी छान, आणि मधूनच एक ब्याण्णव काड्यांची. साधारण पाचात एक. नवऱ्याच्या रक्तात तसंच, बायकोच्या रक्तातही तसंच. बॅचमधली बाकीची रक्तं स्वच्छ. या वेळी आरती नव्हती, शिरा नव्हता, आणि टेबलावर तीन घड्याळं होती. मी खुर्चीत मागे टेकले आणि मला तो संगणकाच्या पूजेचा दिवस आठवला. जुन्या स्लाइड आम्ही लाकडी पेट्यांत ठेवत असू. बाळाची पेटी शोधून काढली. रंग फिका झाला होता, पण काड्या जागच्या जागी होत्या. मी पहिल्यांदा सगळ्या पेशी मोजल्या, देखण्या आणि कुरूप, एकही न सोडता. निम्म्याहून जास्त विस्कटलेल्या होत्या.

मॅडमना दाखवलं. त्या बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात. मग त्यांनी परदेशातल्या ओळखीच्या एका बाईंना ईमेल केली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, आणि त्या काळात आम्हाला तोच मोठा चमत्कार वाटला. हे माहीत असलेलं दुखणं होतं, जगात फार थोड्या घरांत सापडलेलं. या माणसांच्या पेशींना थांबता येत नाही. वाढून होण्याआधीच पंगत सुरू होते आणि कमरेची पकड सुटते. आई आणि बाप दोघांकडे हा दोष अर्धा-अर्धा असतो, त्यांना काही त्रास नसतो. दोन्ही अर्धे एका मुलात आले की मात्र ते मूल तसं होतं. चारांत एकदा.

म्हणजे वहीतली चाळीस मिनिटं चाळीसच होती. माझा हात चुकला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता, पण रडू आलं. मॅडम म्हणाल्या, "शैलाताई, तेव्हा हे कोणालाच धड माहीत नव्हतं. आपण तसंच सांगू, नव्या माहितीनुसार रिपोर्टात बदल. खोटं नाहीये ते."

खोटं नव्हतंच. दोघं आली तेव्हा मॅडमनी सगळं नीट, मायेने समजावलं. वैशालीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पहिल्या वेळी हे दिसलं नव्हतं का?"

मॅडम तोंड उघडत होत्या. मीच म्हटलं, "दिसलं होतं. मला वाटलं माझं काम बिघडलं, म्हणून त्या पेशी मी मोजल्या नाहीत. आणि कोणाला सांगितलंही नाही."

नितीन ताडकन उभा राहिला. "म्हणजे काय? अहो, आम्ही विश्वास ठेवून—"

"तुम्ही बसा जरा," वैशाली त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, पण एकेक शब्द सुटा येत होता. "मॅडम, तुम्हाला माहीत आहे त्या नॉर्मल रिपोर्टनं काय केलं? सासूबाईंनी तो देवाच्या फडताळात ठेवला. कोणी आलं की काढून दाखवतात. पोरगं चांगलंच होतं, कागदावर लिहून आहे, हिनंच पोटात असताना काहीतरी केलं. गाडीवर फिरली, ग्रहणात सुपारी कातरली. सात वर्षं सगळे हेच म्हणून राहिले. हे पण." 'हे' खाली मान घालून बसले होते. "आणि मला पण तेच वाटायला लागलं होतं."

मी फक्त पेशी सोडल्या असं मला वाटत होतं. मी त्या पोरीलाच सोडून दिलं होतं.

मी म्हटलं, "मी काय करू, सांगा."

"लिहून द्या," ती म्हणाली. "इंग्रजीत नको. मराठीत. आणि मोठ्या अक्षरात, सासूबाईंना चष्मा लावूनही कमी दिसतं."

आमच्या लॅबमधून मराठीत कधी काही गेलं नव्हतं. मी लेटरहेड घेतलं आणि शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं लिहिलं: 'बाळाचा आजार जन्मजात होता. तो आई आणि वडील दोघांकडून मिळून आला. यात आईची काहीही चूक नव्हती. आधीचा रिपोर्ट चुकला, ती चूक लॅबची होती.' खाली मी सही केली. मॅडमनी कागद ओढून घेतला आणि माझ्या सहीच्या वर स्वतःची केली. मला म्हणाल्या, "देखण्या पेशी निवडा हे कोणी शिकवलं होतं तुम्हाला?" आमच्या वहीत त्या दिवसापासून एक रकाना वाढला: न मोजलेल्या पेशी, किती आणि का. मी निवृत्त झाले तेव्हाही तो होता. एवढी एकच गोष्ट त्या लॅबला माझ्यामुळे मिळाली असं मी समजते, आणि मला ती पुरते.

पुढच्या वर्षी वैशालीला दिवस गेले. पोटातल्या बाळाभोवतीच्या पाण्याची तपासणी आमच्याकडेच करायची, असा तिने हट्ट धरला. मी म्हटलं, "अहो, दुसरीकडे जा. माझ्यावर कशाला विश्वास ठेवता?" ती म्हणाली, "तुम्ही आता एकसुद्धा सोडणार नाही म्हणून." त्या पाण्यातल्या पेशी वाढायला दोन आठवडे लागले. वीसच्या जागी मी दोनशे मोजल्या. विस्कटलेल्या निघाल्या, पण थोड्याच, आईबापांच्या रक्तात होत्या तितक्याच. म्हणजे अर्धा दोष, ज्याचा काही त्रास नाही. मॅडमनी फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. बाळाला तो आजार नाही, हे वाक्य मी सांगावं, असं त्यांना वाटलं. एकतीस वर्षांत दिलेल्या सगळ्या निरोपांत तो माझा आवडता.

मुलगी झाली. चार महिन्यांची असताना तिला दाखवायला वैशाली आली, आणि सोबत तिच्या सासूबाई, नऊवारी नेसलेल्या, जिना चढून धापा टाकणाऱ्या. मी मनातून कंबर कसली. यांच्याशी काय बोलायचं ते मी बरेच दिवस घोकून ठेवलं होतं आणि त्यातलं फारसं गोड नव्हतं. वैशाली पोरीला घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. सासूबाई माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. कनवटीतून चौघडी घातलेला कागद काढला. माझंच अक्षर.

"हे तुमी लिवलं काय?"

"हो," मी म्हटलं.

"पोराकडून चारदा वाचून घेतलं. माह्या वाचण्यावर माहा भरोसा नोयता." त्यांनी कागद टेबलावर ठेवून हाताने सारखा केला. मग मॅडमच्या खोलीचं दार बंद असल्याचं वळून पाहिलं. "बाई, मलेबी एक लिवून देता काय?"

"तुम्हाला कशाबद्दल?"

"नितीनच्या आधी माहं एक झालं होतं. पाचव्या दिवशी गेलं. गिरानात भाजी चिरली म्हनून गेलं म्हने. माही सासू मरेस्तोवर म्हने." त्या सांगत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "मले वाटे, खरंच असंन."

घोकून ठेवलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं. त्या बाळाचं रक्त मी पाहिलं नव्हतं, स्लाइड नव्हती, पेटी नव्हती. ते कशाने गेलं ते मला कधीच कळणार नव्हतं. पण भाजी चिरल्याने गेलं नाही, एवढं मला ठाऊक होतं, आणि तेवढं लिहायला पेशी मोजाव्या लागत नाहीत. मी खुर्ची पुढे करून त्यांना बसवलं आणि कोरं लेटरहेड घेतलं.

"बाळाचं नाव काय लिहू?"

"नाव ठेवाच्या आधीच गेलं ना, बाई," त्या म्हणाल्या. "गिरजाबाईचं पयलं, असं लिवा."